फोल्डरची मांडणी कोणाची? : फाइल मॅनेजरमधील दर्शन-स्मृतीची चिकित्सा

बीजसंज्ञा : फाइल मॅनेजर, फोल्डर, दर्शन-स्थिती, सामाईक संगणक, दप्तर

प्रास्ताविक

मराठीत संगणकविषयक लेखन आता विपुल आहे. परंतु त्यातील बहुतांश मार्गदर्शनपर आहे. अमुक काम साधण्यासाठी कोणती कळ दाबावी हे ते सांगते. ती कळ तेथे का ठेवली गेली, ती ठेवणाऱ्याने वापरणाऱ्याविषयी काय गृहीत धरले होते, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. फाइल मॅनेजर ही आज्ञावली तर समीक्षेच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही. संगणक सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत तिच्याशी संबंध येतो, आणि नेमक्या याच कारणाने ती नजरेआड राहते.

या आज्ञावलीच्या एका लहानशा वर्तनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. फोल्डर उघडला असता त्यातील फाइली मोठ्या चित्रांच्या रूपात दिसाव्यात की यादीच्या रूपात, त्यांचा क्रम नावाप्रमाणे असावा की दिनांकाप्रमाणे, कोणते रकाने दिसावेत, खिडकी किती रुंद असावी, या सर्वांना मिळून येथे ‘दर्शन-स्थिती’ म्हटले आहे. वापरणाऱ्याने एखाद्या फोल्डरची दर्शन-स्थिती एकदा ठरवल्यानंतर फाइल मॅनेजरने ती त्या फोल्डरपुरती लक्षात ठेवावी, ही अपेक्षा साधी वाटते. गेल्या चार दशकांत ती कधी पूर्ण झाली, कधी अर्धवट पूर्ण झाली आणि अनेकदा पूर्ण होऊन पुन्हा मोडली. या उलटसुलटीमागे तांत्रिक अडचण फारशी नाही. मांडणी कोणाच्या मालकीची, या प्रश्नाचे उत्तर आज्ञावली रचणाऱ्यांनी वेळोवेळी वेगवेगळे गृहीत धरले, हे तिचे खरे कारण आहे.

मांडणी हेही काम आहे

महाविद्यालयीन अध्यापकांना या प्रश्नाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने 2017 साली जी सुधारित पद्धती लागू केली, तीत सात निकषांखालील प्रत्येक मापकासाठी पुराव्याची कागदपत्रे संगणकीय स्वरूपात सादर करावी लागत. सात निकष, त्यांखालील उपनिकष, त्यांखालील मापके आणि प्रत्येक मापकाखाली पाच-पाच वर्षांची कागदपत्रे अशी फोल्डरांची उतरंड त्या काळात महाविद्यालयोमहाविद्यालयी उभी राहिली. या उतरंडीतील सर्व फोल्डर एकाच प्रकारे पाहणे कोणालाही सोयीचे नव्हते. विस्तारकार्याच्या छायाचित्रांचा फोल्डर मोठ्या चित्रांत आणि दिनांकाच्या क्रमाने पाहावा लागतो. नाहीतर वृक्षारोपण कोणते आणि रक्तदान शिबिर कोणते हे प्रत्येक फाइल उघडूनच समजते. शिक्षकांच्या नियुक्तिपत्रांचा फोल्डर नावांच्या यादीतच सोयीचा. शासकीय पत्रव्यवहाराच्या फोल्डरात शेवटी काय आले हे महत्त्वाचे, म्हणून तेथे नवे वर आणि जुने खाली.

ही मांडणी करणे म्हणजे फोल्डराच्या आशयावर भाष्य करणे होय. ‘या फोल्डरमधील वस्तू अशा वाचाव्यात’ असे ती सांगते. थॉमस मेलोन यांनी 1983 साली कार्यालयीन मेजांवरील कागदांच्या मांडणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नीट लावलेल्या फायली आणि वरवर अस्ताव्यस्त दिसणारे ढीग ही दोन्ही अर्थपूर्ण असतात, आणि ढीग केवळ कागद सापडावा म्हणून नसून कामाची आठवण राहावी म्हणूनही असतो, हे त्यात दाखवले गेले. 1995 साली डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी संगणकाच्या पडद्याबाबत याच्याशी मिळतेजुळते निरीक्षण मांडले : लोक फाइल शोधताना शब्दशोधापेक्षा ‘ती तेथे ठेवली आहे’ या स्थलस्मृतीवर अधिक विसंबतात. फोल्डराचे रूप दर वेळी बदलत राहिले, तर स्थलस्मृतीला आधारच उरत नाही. ज्या घरात दररोज सकाळी फडताळाची जागा बदललेली असते, तेथे डबा हाताला कसा लागावा?

या विवेचनासाठी पेण तालुक्यातील वडखळचा परिसर डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. वडखळ ओळखले जाते ते नाक्यामुळे. मुंबईकडून येणारा महामार्ग येथे दुभंगतो. एक रस्ता अलिबागला जातो, दुसरा नागोठणे-महाडमार्गे गोव्याकडे. जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. पेण शहरात आणि हमरापूर-जोहे परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने. अशा परिसरात संगणक प्रामुख्याने सामाईक असतो. सेवाकेंद्रातील, पतसंस्थेतील, वाहतूक व्यावसायिकाच्या टपरीवजा कार्यालयातील किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षककक्षातील संगणक एकाच व्यक्तीचा नसतो. मूर्तिकारखान्याचे उदाहरण घ्यावे. तेथे एका फोल्डरमध्ये मूर्तींची छायाचित्रे असतात. ती ग्राहकाला दाखवायची म्हणून मोठ्या चित्रांतच हवीत. दुसऱ्या फोल्डरमध्ये मागणीचा आणि उधारीचा हिशेब असतो. तेथे चित्रांचा काहीच उपयोग नाही, दिनांक आणि नाव हवे. संगणकावर दिवसभरात तीन-चार जण बसतात. हा परिसर फाइल मॅनेजरच्या रचनाकारांच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि दर्शन-स्मृतीच्या अपयशाची सुरुवात येथूनच होते.

आठवण कोठे ठेवावी

दर्शन-स्थिती लक्षात ठेवायची तर ती कोठेतरी लिहून ठेवावी लागते. यासाठी ठोकळमानाने दोनच जागा आहेत. एक, खुद्द फोल्डरात किंवा त्याच्या शेजारी, त्याच डिस्कवर. दुसरी, वापरणाऱ्याच्या खाजगी नोंदींत, त्या संगणकावरील त्याच्या खात्यापुरती. पहिल्या पर्यायात मांडणी फोल्डरची ठरते, दुसऱ्यात व्यक्तीची. तिसरा पर्याय म्हणजे लिहूनच न ठेवणे आणि सर्व फोल्डरांना एकच रूप देणे. हाही एक निर्णयच आहे, आणि अलीकडे तो अधिकाधिक लोकप्रिय होत आहे.

पहिल्या पर्यायाचे जुने उदाहरण मॅकिंटॉशच्या फाइंडरचे. 1980च्या दशकातील फाइंडरमध्ये प्रत्येक फोल्डरची स्वतःची एक खिडकी असे. ती जेथे ठेवून बंद केली, तेथेच त्याच आकारात पुन्हा उघडे. आतली चिन्हे हाताने लावली असतील, तर ती तशीच राहत. 2001 साली मॅक ओएस दहा आल्यावर या शिस्तीत ढिलाई आली. जॉन सिराक्युसा यांनी 2003 साली लिहिलेल्या विस्तृत लेखात त्यावर केलेली टीका संगणक-समीक्षेच्या क्षेत्रात आजही उल्लेखनीय आहे. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : फोल्डर आणि त्याची खिडकी यांचे नाते एकास एक असले पाहिजे, आणि खिडकीची अवस्था स्थिर राहिली पाहिजे, या दोहोंपैकी एक तुटले की फोल्डर ही ‘वस्तू’ राहत नाही. नव्या फाइंडरने दर्शन-स्थिती लिहिण्यासाठी ‘डीएस स्टोअर’ नावाची दडलेली फाइल फोल्डरांतच ठेवण्यास सुरुवात केली. पेन ड्राइव्ह मॅकवर लावून पुन्हा विंडोजच्या संगणकावर आणल्यास ही अनोळखी फाइल दृष्टीस पडते, आणि विषाणूच्या शंकेने ती पुसलीही जाते. सामाईक नेटवर्कवरील फोल्डरांत या फाइलींचा इतका पसारा होतो की त्या तेथे लिहिल्या जाऊ नयेत यासाठी ॲपललाच वेगळी सोय द्यावी लागली. फोल्डरात लिहिलेली आठवण डिस्कबरोबर प्रवास करते हा गुण खरा. पण ती न विचारता लिहिली जाते आणि इतरांच्या घरात पसारा करते हा दोषही तितकाच खरा.

लिनक्सवरील केडीई या पर्यावरणातील कॉन्करर याच वाटेने गेला, परंतु एका महत्त्वाच्या फरकासह. दर्शन-स्थिती फोल्डरातच जतन करावी की नाही हे ठरवण्यासाठी त्याच्या मेनूत स्वतंत्र पर्याय होता. तो निवडला तरच फोल्डरात ‘डिरेक्टरी’ या नावाची बिंदूने सुरू होणारी लहान फाइल लिहिली जाई. म्हणजे मांडणी जतन करणे ही जाणीवपूर्वक केलेली कृती होती. पाहता पाहता चुकून घडलेली गोष्ट नव्हती. पुढे त्याची जागा घेणाऱ्या डॉल्फिनने प्रत्येक फोल्डरसाठी वेगळी दर्शन-स्थिती की सर्वांसाठी एकच, असा सरळ प्रश्न आपल्या मांडणीत ठेवला, आणि ज्या फोल्डरात लिहिण्याची अनुमती नाही त्याची आठवण वापरणाऱ्याच्या खात्यात ठेवण्याचीही तजवीज केली. गुणवत्तेच्या दृष्टीने पाहता, येथे विचारात घेतलेल्या आज्ञावलींमध्ये हा प्रश्न प्रश्न म्हणून ओळखण्याचे श्रेय केडीईच्या परंपरेकडे जाते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत मात्र तिला क्वचितच स्थान मिळाले.

नोम या दुसऱ्या पर्यावरणाची वाटचाल अधिक नाट्यमय आहे. मार्च 2004 मधील 2.6 आवृत्तीत नॉटिलसने जुन्या फाइंडरची शिस्त जशीच्या तशी स्वीकारली : प्रत्येक फोल्डरची वेगळी खिडकी आणि प्रत्येक खिडकीची स्वतःची आठवण. तत्त्वतः निर्दोष असलेली ही रचना व्यवहारात अनेकांना नकोशी झाली. पाच पायऱ्या खाली उतरावे तर पाच खिडक्या उघडत. 2010 मधील 2.30 आवृत्तीत एकाच खिडकीतून फिरण्याची पद्धत पुन्हा मूळ पद्धत ठरली. पुढील काळात क्रमाची आठवण फोल्डरनिहाय राहिली, परंतु यादी की चित्रे ही निवड सर्व फोल्डरांना सामाईक झाली. येथे एक सूक्ष्म अन्याय दिसतो. लोकांची तक्रार खिडक्यांच्या गर्दीविषयी होती, आठवणीविषयी नव्हती. खिडक्या गेल्या हे योग्यच झाले. पण त्यांच्यामागोमाग कालांतराने आठवणीचाही एक भाग गेला.

विंडोजच्या पिशव्या

आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत आणि महाविद्यालयांत प्रत्यक्षात वापरला जातो तो विंडोज एक्सप्लोरर. त्यामुळे त्याची चिकित्सा थोडी विस्ताराने करणे क्रमप्राप्त आहे. 2001 च्या विंडोज एक्सपीत ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये प्रत्येक फोल्डरची दर्शन-स्थिती लक्षात ठेवण्याची सोय एका चौकोनातील खुणेने चालू वा बंद करता येई. खूण केलेली असूनही फोल्डर आपले रूप विसरतात, ही तक्रार त्या काळी सार्वत्रिक होती. तिचे कारण रजिस्ट्रीत होते. एक्सप्लोरर ही आठवण फोल्डरात न लिहिता वापरणाऱ्याच्या रजिस्ट्रीत ‘बॅग’ या नावाच्या नोंदींत ठेवतो. या पिशव्यांची संख्या मर्यादित होती. एक्सपीच्या मूळ आवृत्तीत 400 फोल्डरांचीच आठवण राहत असे. 2004 च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतर ही मर्यादा 5000 झाली. मर्यादा भरली की जुन्या नोंदींचा भरवसा उरत नाही. 400 ही संख्या ज्याने ठरवली, त्याच्या कल्पनेतील संगणक घरगुती असावा. परीक्षा विभागातील एका वर्षाचे फोल्डरही त्यात मावले नसते.

मर्यादेपेक्षा अधिक चिंतनीय बाब म्हणजे ‘तोच फोल्डर’ कशाला म्हणावे याविषयीची विंडोजची समजूत. पिशव्यांची नोंद फोल्डरच्या अंगभूत ओळखीवर होत नाही. ज्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचले, त्या वाटेवर होते. ‘माय डॉक्युमेंट्स’मधून एखाद्या फोल्डरात शिरले आणि तोच फोल्डर सी ड्राइव्हमधून पायऱ्या उतरत गाठला, तर विंडोजच्या लेखी त्या दोन वेगळ्या जागा असू शकतात आणि दोन्हींची रूपे वेगळी राहू शकतात. अलिबागकडून आलेल्या माणसाला आणि पेणकडून आलेल्या माणसाला दिसणारे वडखळ ही दोन गावे समजावीत, असा हा प्रकार आहे. नेटवर्कवरील फोल्डर थेट नावाने उघडला की ड्राइव्हचे अक्षर देऊन, यानेही फरक पडतो. पेन ड्राइव्हची गोष्ट तर याहून मजेची. एका संगणकावर त्याला आज ‘ई’ हे अक्षर मिळाले आणि उद्या ‘एफ’, तर कालची मांडणी सापडत नाही. उलट दुसऱ्याच कोणाच्या पेन ड्राइव्हला ‘ई’ मिळाले, तर पहिल्याची मांडणी त्याच्या माथी बसू शकते.

एक्सपीतील या नोंदींच्या रजिस्ट्रीमधील एका शाखेचे नाव ‘शेल नो रोम’ असे होते. ‘फिरायचे नाही’ हा त्याचा सरळ अर्थ. वापरणाऱ्याचे खाते संस्थेतील एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय असली, तरी स्थानिक फोल्डरांची ही मांडणी त्याच्यासोबत जाणार नाही, असे रचनाकारांनी नावातच लिहून ठेवले होते. यामागे कारण होते. एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्यावर नसतील, मग त्यांची आठवण वाहून नेण्यात अर्थ काय? युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. परंतु आठवण फोल्डरापासून तोडून व्यक्तीजवळ ठेवली म्हणूनच तो करावा लागला, हे लक्षात घेतले पाहिजे.

सामाईक संगणकावर या रचनेचा परिणाम दुहेरी होतो. सर्वांनी एकच खाते वापरले, तर शेवटी बसलेल्याची मांडणी टिकते : मूर्तिकारखान्यातील हिशेब पाहणाऱ्याने सर्व फोल्डर यादीत आणले की ग्राहकाला चित्रे दाखवणाऱ्याची मांडणी गेली. प्रत्येकाने वेगळे खाते वापरले, तर एकाने विचारपूर्वक केलेली मांडणी दुसऱ्याला दिसतच नाही. निकष तिसऱ्याच्या समन्वयकाने छायाचित्रांचे फोल्डर नीट लावले, तरी प्राचार्यांच्या खात्यातून ते पुन्हा जसेच्या तसे ओबडधोबड दिसतात. संगणक प्रयोगशाळांत तर संगणक पुन्हा सुरू होताच त्याला मूळ स्थितीत आणणारी आज्ञावली बसवण्याची पद्धत आहे. तेथे आठवणीचा प्रश्नच निकालात निघतो. त्यात ‘सर्व फोल्डरांना लागू करा’ हे बटन. एका फोल्डरसाठी आवडलेले रूप एका दाबात सर्वत्र पसरवणारे हे बटन इतरांनी केलेल्या मांडणीवर बोळा फिरवते. व्हिस्टापासून त्याचा प्रभाव त्याच प्रकारच्या फोल्डरांपुरता मर्यादित झाला, ही सुधारणा मान्य केली पाहिजे.

मात्र ‘प्रकार’ या कल्पनेने नवा प्रश्न आणला. फोल्डरात काय आहे ते पाहून तो दस्तऐवजांचा, चित्रांचा, संगीताचा की चित्रफितींचा हे एक्सप्लोरर स्वतःच ठरवू लागला आणि त्यानुसार रकाने देऊ लागला. आगरी समाजातील विवाहप्रसंगी धवलारणी जे धवले गातात, त्यांचे ध्वनिमुद्रण मराठी वा लोकसाहित्याच्या अभ्यासकाने पेण-अलिबाग परिसरात केले आहे असे समजू. तो फोल्डर उघडताच संगणक त्याला संगीताचा फोल्डर ठरवतो आणि अल्बम, कलाकार, गीतक्रमांक असे रकाने पुढे करतो. ते सर्व रिकामे. अभ्यासकाला हवा असतो मुद्रणाचा दिनांक आणि फाइलचे पूर्ण नाव, कारण गाव आणि गाणारी यांची नोंद त्याने नावातच केलेली असते. येथे यंत्राने विसरण्यापेक्षा अधिक काहीतरी केले आहे. अभ्यासकाच्या वर्गीकरणावर बाजारातील ध्वनिफितीचे वर्गीकरण लादले आहे. विंडोज 10 च्या 2019 मधील एका आवृत्तीपासून ‘डाउनलोड्स’ फोल्डरात दिनांकानुसार गट पाडणे मूळ रूप म्हणून आले, तेव्हाही हाच स्वभाव दिसला.

दुसरीकडे, ज्या आठवणी वापरणाऱ्याला नको असतात त्या मात्र विंडोज चिवटपणे जपतो. फोल्डर पुसला, पेन ड्राइव्ह काढून नेला, तरी त्यांच्या पिशव्या रजिस्ट्रीत राहतात. गुन्ह्यांच्या संगणकीय तपासात ‘शेलबॅग’ या नावाने त्यांचा उपयोग केला जातो, कारण एखाद्या खात्यातून कोणते फोल्डर कधी पाहिले गेले याचा माग त्यांतून निघतो. मांडणीची म्हणून निर्माण केलेली नोंद पाळतीची नोंद होते, आणि वापरणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

विस्मरणाच्या बाजूने

फोल्डरनिहाय आठवण नसावी या मताचीही दखल घेणे न्याय्य ठरेल. पहिला युक्तिवाद सुसंगतीचा : सर्व फोल्डर सारखे दिसले की नवशिक्याचा गोंधळ होत नाही. त्यात तथ्य आहे. एखाद्या फोल्डरचे रूप चुकून बदलले आणि ते पक्के लक्षात राहिले, तर ‘हाच फोल्डर वेगळा का?’ या प्रश्नाने माणूस हैराण होतो. परंतु हा दोष आठवणीचा नाही, न विचारता नोंद करण्याचा आहे. कॉन्कररच्या मेनूने तो टाळला होता.

दुसरा युक्तिवाद शोधयंत्राचा. 2005 साली मॅकवर स्पॉटलाइट आला, पाठोपाठ व्हिस्टात झटपट शोध आला, आणि मोबाइलने तर फोल्डरच दृष्टिआड केले. मग मांडणीची चिंता कशाला? हा युक्तिवाद शोधायच्या वस्तूचे नाव ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुरता खरा आहे. समितीपुढे पुरावे मांडणाऱ्याला आणि ते तपासणाऱ्याला शोध नको असतो, क्रम हवा असतो. शिवाय मराठी फाइलनावांच्या बाबतीत शोध अजूनही बेभरवशाचा आहे. श्रीलिपीसारख्या अक्षरसंचांच्या काळात तर फाइलचे नाव मराठीत लिहिणे दुरापास्तच होते आणि ते रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या वर्तनीत लिहिले जाई. ‘पत्रव्यवहार’ या एका शब्दाच्या चार-पाच रोमन वर्तनी एकाच कार्यालयात आढळणे नवलाचे नाही. युनिकोडनंतर नावे देवनागरीत आली, पण क्रमाचा प्रश्न उरलाच. संगणकाची प्रादेशिक मांडणी मराठी नसेल, तर ‘क्षेत्रभेट’ हा फोल्डर ‘ह’नंतर येण्याऐवजी ‘क’च्या घोळक्यात जाऊन बसतो. नावानुसार क्रम लक्षात ठेवला, पण तो मराठी वर्णमालेचा नसला, तर ती आठवण अर्धीच म्हणावी लागेल.

दप्तराची रीत

मांडणी ही वस्तूची असते, व्यक्तीची नव्हे, ही कल्पना महाराष्ट्रातील कार्यालयीन व्यवहाराला मुळीच नवी नाही. पुण्यातील पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले, तेव्हाही आणि त्यानंतरही अभ्यासक कागदाचा पत्ता सांगतो तो रुमालाच्या क्रमांकाने. रुमाल कोणी सोडला, कोणी बांधला, यावर तो पत्ता अवलंबून नसतो.

शासकीय कार्यालयांतील सहा गठ्ठे पद्धती हे याहून जवळचे उदाहरण. प्रत्येक लिपिकाकडील कागद सहा गठ्ठ्यांत विभागलेले असतात : चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. अभिलेखांचेही अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग 30 वर्षांचा, ‘ड’ वर्ग एका वर्षाचा. 1980च्या दशकात तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाच्या व अभिलेखांच्या रचनेत ज्या सुधारणा केल्या, त्या ‘लखिना पॅटर्न’ म्हणून परिचित आहेत. कागद कोठे आणि कसा ठेवला जातो यावर कारभार अवलंबून असतो हीच त्यामागील जाणीव होती. या पद्धतीचा विशेष असा की लिपिकाची बदली झाली तरी गठ्ठे मेजावरच राहतात. नवा लिपिक कार्यभार घेतो तेव्हा त्याला कागद मिळतात आणि त्यांची मांडणीही मिळते. स्वतःच्या सोयीची टाचणे तो वेगळी करू शकतो. परंतु ‘प्रतीक्षाधीन’चा गठ्ठा केवळ त्याच्याच डोळ्यांना दिसतो असे होत नाही.

विंडोजच्या पिशवीत आणि या गठ्ठ्यात हाच फरक आहे. महाविद्यालयात समन्वयक बदलतो, लिपिक निवृत्त होतो, संगणक नवा येतो. फोल्डर नव्या डिस्कवर जातात आणि त्यांच्यावर कोणी कधी मांडणीचे काम केले होते याचा मागमूस उरत नाही. गठ्ठ्याच्या रीतीने विचार केल्यास फाइल मॅनेजरकडून तीन गोष्टी अपेक्षिता येतात. फोल्डरची घोषित मांडणी फोल्डरसोबत राहावी आणि ती घोषित करण्यासाठी स्पष्ट कृती करावी लागावी. व्यक्तीला तिच्यावर आपली खाजगी मांडणी चढवता यावी, पण मूळ मांडणी पुसता येऊ नये. आणि मांडणी वरच्या फोल्डरकडून खालच्यांना वारशाने मिळावी. अन्यथा शंभर उपफोल्डर शंभर वेळा लावावे लागतात. यांपैकी तिसरी सोय डिरेक्टरी ओपस या सशुल्क आज्ञावलीत आहे : एखाद्या फोल्डरची मांडणी ‘हा फोल्डर आणि त्याखालील सर्व’ यांच्यासाठी जतन करता येते. पहिलीचा पूर्वार्ध कॉन्कररमध्ये होता. दुसरी, म्हणजे घोषित आणि खाजगी अशा दोन थरांची सोय, येथे विचारात घेतलेल्या फाइल मॅनेजरांपैकी एकाही प्रमुख आज्ञावलीने केलेली नाही.

नावात दडलेली मांडणी

ही सोय नसल्याने वापरणाऱ्यांनी स्वतःच एक मार्ग काढला आहे, आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवला जात नाही. फोल्डरच्या नावाआधी ‘01’, ‘02’ असे अंक घालणे, अत्यावश्यक फोल्डर ‘00’ने सुरू करणे, वर्ष आधी आणि महिना नंतर असा दिनांक नावातच लिहिणे, ही सर्व त्या मार्गाची रूपे होत. कार्यालयीन कामात मुरलेला लिपिक हे सहज करतो. त्याचे कारण उघड आहे. संगणक, खाते, कार्यप्रणाली, पेन ड्राइव्ह, इमेल यांपैकी काहीही बदलले तरी फाइलसोबत निश्चितपणे प्रवास करते ते फक्त तिचे नाव. विंडोज 2000 पर्यंत ‘1’नंतर ‘10’ आणि मग ‘2’ असा क्रम लागत असल्याने आधी शून्य लावण्याची सवय पडली; एक्सपीपासून एक्सप्लोरर अंकांचा नैसर्गिक क्रम ओळखू लागला तरी ती सवय गेली नाही, आणि तिने जाऊही नये, कारण इतर अनेक आज्ञावली अजूनही जुन्याच पद्धतीने क्रम लावतात.

परंतु नाव फक्त क्रम वाहू शकते. ‘हा फोल्डर चित्रांत पाहावा’ हे नावात लिहिता येत नाही. लिहिले तरी यंत्र ते वाचत नाही. म्हणून मूर्तींची छायाचित्रे ‘01’ ते ‘60’ अशा क्रमाने वडखळहून मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पोहोचतात, आणि तेथे त्याच्या पडद्यावर साठ नावांची नुसती यादी उघडते.